चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

या पानावर येणारे अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेकांवर हसते. चिंचेखालची पांढरी साडी, रिक्षात मागे बसलेली बाई, आरशात दिसलेले कुणाचे तरी काका... आमच्या घरी असलं काही बोलायची सोयच नव्हती. कोपरीच्या आमच्या दोन खोल्यांत दारासमोरच बावीस प्रतिज्ञांची फ्रेम होती. वडील इतके कडक, की शेजारणीने प्रेमाने आणून दिलेलं लिंबू-मिरचीचं तोरण त्यांनी परत नेऊन दिलं आणि वर म्हणाले, "वहिनी, लिंबाचं सरबत करा, पोरं पितील." त्यात मी कॉम्प्युटर शिकलेली. ज्याला कारण नाही असं काही नसतंच, असं मानणाऱ्यांतली मी, आणि आजही बऱ्याच अंशी तशीच आहे. म्हणूनच हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

नव्वदीच्या मध्यातली गोष्ट. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एक केमिकल कंपनी होती. नाव सांगत नाही, विचारू नका. कोपरीहून कंपनीची बस निघायची ती मुंब्रा, शीळफाटा करत आम्हाला आठच्या आत गेटवर सोडायची. मी ट्रेनिंग डिपार्टमेंटला होते. आख्ख्या कंपनीत तेव्हा एकच एसी खोली होती - कॉम्प्युटर रूम, पहिल्या मजल्यावर. मशीनला धूळ लागू नये म्हणून चपला बाहेर काढायच्या, खिडक्यांच्या काचा कायमच्या बंद. मॅनेजिंग डायरेक्टर आले तरी मोज्यांवर आत यायचे. मला याचा फार अभिमान वाटायचा, आता हसू येतं.

हेड ऑफिसने फर्मान काढलं की प्लांटमधल्या प्रत्येक माणसाची सुरक्षेची परीक्षा यापुढे कॉम्प्युटरवर घ्यायची. कागदावर घेतली की सुपरवायझर सगळ्यांना पास करतो, मशीन कुणाच्या ओळखीचं नसतं - असं त्या पत्रात चक्क लिहिलं होतं. तो प्रोग्रॅम मी लिहिला. पंचवीस प्रश्न, मराठीत, प्रत्येकाला चार पर्याय, एक ते चारपैकी बटण दाबायचं. मराठी अक्षरांसाठी मशीनमध्ये बसवायचं वेगळं कार्ड मागवलं होतं. पंचवीसपैकी पाच प्रश्न 'लाल', म्हणजे जिवाशी गाठ असलेले. त्यातला एक जरी चुकला तरी नापास. तीनदा नापास झालेल्या माणसाला प्लांटमधून काढून गोडाऊनला टाकायचं, असा नियम.

चौदावा प्रश्न लाल होता. 'सायरन वाजल्यास प्लांट दोनच्या कामगारांनी कोठे जमावे?' एक, मेन गेटजवळची मोकळी जागा. दोन, बॉयलर हाऊस. तीन, कॅन्टीनच्या मागचं मैदान. चार, आहे त्या जागी थांबावे. सेफ्टीच्या पुस्तकात उत्तर स्पष्ट होतं - मेन गेट. तिथे हिरवा बोर्डही लावलेला होता.

पहिल्या दिवशी आठ माणसं बसली आणि आठही नापास झाली. सगळ्यांचा चौदावा चुकलेला. प्रत्येकजण शपथेवर सांगत होता की आपण एकच दाबलं. मी उत्तरांची फाईल उघडली, तर चौदापुढे तीन. म्हटलं, टाईप करताना माझंच बोट घसरलं असणार. खजील होऊन एक केलं, सेव्ह केलं, प्रिंट काढून फाईलला लावलं आणि आठही जणांची माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे नापास. फाईल उघडली... तीन.

मग मी जे काही केलं ते सगळं सांगत बसले तर तुम्ही कंटाळाल. व्हायरसची तपासणी झाली. प्रोग्रॅम ज्या फ्लॉपीवर होता तिच्या खाचेवर चिकटपट्टी लावली, म्हणजे तिच्यावर काही लिहिताच येऊ नये. संध्याकाळी फ्लॉपी पर्समध्ये घालून घरी न्यायला लागले, आईच्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवायची. मशीनवाल्यांचा इंजिनिअर ठाण्याहून आला, ड्राइव्ह बदलून गेला. सकाळी यावं, मशीन चालू करावं, चौदापुढे तीन. बाकीची चोवीस उत्तरं जिथल्या तिथे. मी चिडायचे, अक्षरशः मशीनला शिव्या घालायचे. कुणीतरी माझी मस्करी करतंय अशी खात्री होती आणि तो सापडला तर त्याचं काय करायचं तेही ठरवलेलं होतं.

एके दुपारी एक युक्ती सुचली. प्रश्न तोच ठेवला, पण पर्यायांच्या जागा बदलल्या. मेन गेट चार नंबरला, कॅन्टीन दोन नंबरला. उत्तर म्हणून चार टाकलं, सेव्ह केलं. खोलीत मी एकटी, दाराला आतून कडी. प्रोग्रॅम चालवला, चौदाव्याला चार दाबलं. स्क्रीनवर 'चूक' आलं. फाईल उघडली. चौदापुढे दोन होतं.

म्हणजे 'तीन' हा आकडा कुठे अडकून बसलेला नव्हता. कॅन्टीन जिथे जाईल तिथे ते उत्तर त्याच्यामागे जात होतं. खुर्चीवरून उठले, कडी काढली आणि चपला न घालताच सेफ्टी ऑफिसर नाईकसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले.

नाईकसाहेब माणूस वाईट नव्हते. शांतपणे वर आले, स्वतः एकेक करून पाहिलं, दोनदा पाहिलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "हे बघा, पंधरा दिवसांवर हेड ऑफिसचं ऑडिट आहे. पुस्तकावर डायरेक्टरांची सही आहे, पुस्तक बदलणार नाही. मशीन चुकतंय ना? मग निकालाच्या कागदावर पेन्सिलीने चौदावा बरोबर करा, शेजारी तुमची सही करा. नवा प्रोग्रॅम पुढच्या वर्षी बघू."

"पण सर, असं का होतंय ते..."

"का ते मलाही कळत नाही. तुम्हाला कळतंय का?"

मला कळत नव्हतं. पर्यायांच्या जागा मी पहिल्यासारख्या करून ठेवल्या. मी हरले होते आणि ते मला फार लागलं होतं.

इकडे कामगारांनी आपला मार्ग काढलाच होता. प्लांट दोनमध्ये सावंत नावाचा एक ऑपरेटर होता, कल्याणचा, तोंडाने फटकळ पण चलाख. नापास झाल्यावर तो पुन्हा बसला, सरळ तीन दाबलं आणि पास होऊन बाहेर आला. दोन दिवसांत बातमी सगळ्या शिफ्टला. मी त्याला जिन्यात गाठलं.

"सावंत, तुम्ही सगळ्यांना चुकीचं उत्तर शिकवताय."

"अहो म्याडम, टेन्शन कशाला घेता? मशीनला कॅन्टीन आवडतं, कॅन्टीन द्यायचं. खल्लास! पेन्सिलीचा पास कोणाला पायजे? उद्या कोण साहेब येऊन खोडून टाकेल."

त्यात तथ्य होतं. सगळे तसंच करायला लागले. चौदाला कॅन्टीन मार, असं ते एकमेकांना हसत सांगायचे. पहिल्या दिवशी नापास झालेलेही पुन्हा बसून तीन दाबून गेले.

फक्त एकाने तसं केलं नाही. हिराजी भोईर. प्लांटमध्ये सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणायचे. जवळच्याच गावचे आगरी. जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा बदल्यात ही नोकरी मिळालेली. पहिल्यांदा परीक्षेला आले तेव्हा जाड सेफ्टी शूज दाराशी नीट जोडून ठेवले, हात पॅन्टला पुसले आणि खुर्चीवर बसायच्या आधी मला म्हणाले, "यो तुमचा प्लांट दोन हाय ना, तो माझे शेतान उबा हाय. आन तुमी मना इचारता, सायरन वाजला तं कुनीकरं जाशील!" आणि स्वतःच खो-खो हसले. शाळा त्यांनी दुसरीत सोडली होती. एकेक अक्षर ओठ हलवत वाचायचे. आयुष्यात एकही परीक्षा पास झालेले नव्हते आणि ही त्यांना पास व्हायची होती. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. गोडाऊनला टाकलं असतं तरी पगार तोच होता, पण आपल्याच शेतातून आपल्याला दुसऱ्यांदा बाहेर काढणार, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

दोनदा नापास झाले; चौदावा सोडून आणखीही लाल उत्तरं चुकली होती, तिथे पेन्सिल चालत नव्हती. तिसरी खेप शेवटची. त्याच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते वर आले, दारातच उभे राहिले.

"पोरी, मना खरा सांग. सावंत बोलतो कॅन्टीन दाब. सगली तेच दाबतान. खरा कनचा?"

इथे मी थांबू शकले असते. 'दाबा ना मामा कॅन्टीन, काय फरक पडतो' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी चिडलेली होते. त्या मशीनने मला सगळ्या कंपनीसमोर मूर्ख ठरवलं होतं आणि हा एक माणूस होता जो मशीनला नाही, मला विचारत होता.

"मामा, मशीन खोटं बोलतंय. खरं उत्तर मेन गेट."

"मंग मी खराच लिवीन. खोटा लिवून मना पास नाय व्हायचा."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू... मी त्यांना तेवढ्यावर सोडलं नाही. खाली घेऊन गेले. प्लांट दोनच्या दारापासून मेन गेटच्या हिरव्या बोर्डापर्यंत त्यांना चालवलं. वाटेत गाड्या तोलायचा वजनकाटा लागतो, त्याला डावीकडून वळसा घालायचा, धावायचं नाही, मान खाली, रुमाल तोंडावर. एकदा नाही, तीनदा. घड्याळ लावून. भर उन्हात ते बिचारे निमूट चालत होते आणि बाकीचे कॅन्टीनच्या दारातून बघून हसत होते. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "आता डोले बंद करून बी जाईन."

दुसऱ्या दिवशी पंचवीसच्या पंचवीस उत्तरं पुस्तकाप्रमाणे दिली. मशीनने चौदाव्याला चूक दाखवली, खाली छापलं - नापास. मी त्यावर आडवी रेघ मारून पेन्सिलीने 'पास' लिहिलं, सही केली. त्यांनी त्याची झेरॉक्स मागून घेतली, घरी दाखवायला.

एक गोष्ट कबूल करते. एवढे दिवस मी त्या मशीनमागे लागले होते, पण मशीन का चुकतंय एवढंच विचारत होते. कॅन्टीनच का, हे मी एकदाही विचारलं नाही. मेन गेटच्या त्या जागेकडे एकदा नीट बघावं, असंही मला सुचलं नाही. बघितलं असतं तर दिसलं असतं की वजनकाट्यावर येणारे टँकर बरोबर तिथेच उभे राहतात.

साधारण दोन महिन्यांनी, दुपारी जेवणं नुकतीच उरकली होती. मी कॉम्प्युटर रूममध्ये होते. सायरन झाला. दर सोमवारी चाचणीचा सायरन व्हायचा, पण तो सोमवार नव्हता. मी काचेपाशी गेले.

वजनकाट्यावर ॲसिडचा टँकर उभा होता आणि त्याच्या मागून पांढरा धूर निघत होता. धूर म्हणजे कसा - वर जात नव्हता, जमिनीलगत पसरत होता, सांडलेल्या पिठासारखा. हवा मेन गेटकडे होती. हिरवा बोर्ड दिसेनासा झाला.

प्लांट दोनची माणसं बाहेर आली. सावंत पुढे, त्याच्यामागे बाकीचे, आणि सगळे वळले ते कॅन्टीनकडे. एकजात सगळे. आणि त्यांच्यानंतर मामा बाहेर आले. धावत नव्हते. मान खाली, रुमाल तोंडावर, मी शिकवलं होतं तसे. ते मेन गेटकडे निघाले.

मी काच बडवली. दोन्ही हातांनी बडवली, ओरडले, "मामा! मामा, मागे फिरा! कॅन्टीन! कॅन्टीनकडे जा!" काच जाड, वर सायरन. मला माझाच आवाज नीट ऐकू येत नव्हता, त्यांना कुठून जाणार? खुर्ची उचलून काचेवर मारली, तिला फक्त एक चरा गेला. खाली ते वजनकाट्यापाशी पोचले आणि डावीकडून वळसा घातला. मग मी दाराकडे पळाले, अनवाणीच जिना उतरले, खाली वॉचमनने मला धरून ठेवलं. मी त्याच्या हाताला चावल्याचं तो नंतर सांगायचा. मला आठवत नाही.

बाकीच्या सगळ्यांना डोळ्यांची आग आणि खोकला, एवढ्यावर निभावलं. मामा तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्येच वारले.

पुढे कधीतरी मी सावंतला विचारलं, तुम्हाला टँकर दिसला होता का, धूर दिसला होता का. तो पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "नाय हो म्याडम. आईशप्पथ काय दिसलं नव्हतं. आम्ही पाठच्या दाराने निघालेलो. डोक्यात काय नव्हतंच, चौदाला कॅन्टीन एवढंच. पाय आपोआप तिकडे वळले."

अपघाताची चौकशी करायला सरकारी इन्स्पेक्टर आले तेव्हा मी स्वतः त्यांना म्हटलं, हा प्रोग्रॅम बघा, चौदावा प्रश्न बघा. मला सगळं सांगायचं होतं. मशीन चालू केलं, मी चौदाव्याला एक दाबलं. मेन गेट. स्क्रीनवर 'बरोबर' आलं. फाईल उघडली - चौदापुढे एक. मी तिथेच उभी राहून पुन्हा दाबलं, पुन्हा, पुन्हा. बरोबर, बरोबर, बरोबर. इन्स्पेक्टरांनी नाईकसाहेबांकडे बघितलं आणि साहेब मला म्हणाले, "तुम्ही घरी जाऊन विश्रांती घ्या." आपणही ते सगळं पाहिलं होतं, हे ते बोलले नाहीत. मी त्यांच्याकडे बघत राहिले, ते चष्मा पुसत राहिले.

महिन्याभराने जमायची जागा बदलली. आता कॅन्टीनच्या मागचं मैदान. नवं पुस्तक आलं, मला उत्तर बदलायला सांगितलं. मी एकच्या जागी तीन केलं. ते तीनच राहिलं. अर्ध्या मिनिटाचं काम.

लोक काय काय बोलले. कॅन्टीनच्या मागे पूर्वी गावदेवीचं ठाणं होतं, तिनेच आपली माणसं वाचवली, म्हणे. पुढच्या वर्षी तिथे शेंदूर लावलेला दगडही आला. मी कधी नमस्कार केला नाही. वाचवायचंच होतं तर ज्याचं शेत होतं त्याला का सोडलं? वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "प्रोग्रॅममध्ये चूक असणार, बाळा." ते गेले तरी मला ती चूक सापडली नव्हती. पुढे पंचवीस वर्षं मी याच क्षेत्रात काम केलं. तो प्रोग्रॅम मला अजून ओळ अन् ओळ पाठ आहे. किती हुशार माणसांना दाखवला. कुणी म्हणालं मेमरी खराब, कुणी म्हणालं तुमच्या मनावर ताण होता. मेमरी खराब होती तर बाकीची चोवीस उत्तरं कशी शाबूत राहिली? आणि ताण म्हणाल, तर मला कसला होता तेव्हा? मी तर नुसती चिडलेली होते.

मामांची बायको कंपनीत एकदाच आली, कागदांवर अंगठे करायला. हिशोबनीसाकडचं काम झालं आणि तिने मला शोधून काढलं. हिरवं लुगडं, कमरेला पिशवी. पिशवीतून तिने घडी घातलेली ती झेरॉक्स काढली. त्या कागदाची मूळ प्रत कंपनीच्या फाईलमध्ये होती. कामगाराला सुरक्षेचं शिक्षण दिलेलं होतं, याचा पुरावा म्हणून तो कागद माझ्या सहीसकट चौकशीत दाखवला गेला होता.

"बाय, यो कागुद मना वाचून दाव. त्यो पास झालता का नाय?"

"झाले होते. शेवटच्या खेपेला पंचवीसच्या पंचवीस उत्तरं पुस्तकाप्रमाणे फक्त मामांनी दिली."

ती थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली. वाचता येत नव्हतं तरी बघत राहिली.

"मंग सगली तिकरं पलाली, आन यो एकलाच गेटावं कसा गेला? याला कोनी शिकवलान तसा?"

बाहेर बस उभी होती, हॉर्न वाजत होता. मी म्हटलं, "पुस्तकात तसं होतं, मावशी." तिने मान हलवली, कागदाची घडी घालून पिशवीत ठेवला आणि गेली.

मशीनचं कारण मला माहीत नाही आणि आता कळेल असंही वाटत नाही. पण तिने जे विचारलं त्याचं उत्तर मला माहीत होतं. एका शब्दाचं होतं, आणि ते मी दिलं नाही.